पुन्हा त्याच वाटेने

छायाचित्रणाचा छंद खर्चिक, भटकंतीचा वेळखाऊ. हे दोन्ही एकाच माणसाला जडले की घरच्यांची सहनशक्ती पणाला लागते. आमच्या घरी या दोन छंदांनी तीस-पस्तीस वर्षे गुण्यागोविंदाने संसार केला आहे. तक्रार आहे ती वेगळीच. "अहो, पुन्हा रामटेक? मागच्या पावसाळ्यात तर गेला होतात!" शेजारचे काश्मीर करून येतात, केरळ करून येतात, हल्ली सिंगापूरही करून येतात. आमच्या अल्बमांतून मात्र रामटेक, आंभोरा, उमरेड, नवेगाव, लोणार ही पाच-सहा नावेच फिरून फिरून येत राहतात. हौस आहे, पाय धड आहेत, कॅमेरा आहे. मग हा माणूस नवीन ठिकाणी का जात नाही, असा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर एका दमात देता येत नाही. आज ते सविस्तर द्यावे म्हणतो.

सुरुवात रोलपासून करायला हवी. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे. रोल भरताना हात जपून चालवला तर सदतिसावे. त्याआधी घरोघरी आग्फाचा 'क्लिक थ्री' असे, त्यात तर बाराच. महिन्याला एक रोल परवडे, आणि तो धुऊन येईपर्यंत काय मिळाले हे कळत नसे. त्यामुळे बटण दाबण्याआधी बघणे भाग होते. अर्धा तास बघायचे आणि एकदा दाबायचे, हा हिशेब. आज मोबाइलमध्ये मोजदाद उरलेली नाही, ही सोयीचीच गोष्ट आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण बघण्याची ती सवय मला रोलने लावली, आणि बघणे एका खेपेत संपत नाही, हेही त्यानेच शिकवले.

नागपूरच्या उन्हानेही यात हात धुऊन घेतले. आपले शहर २१ अक्षांशावर. मेच्या अखेरीस, २६ तारखेच्या सुमारास, दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी लपते. अशा उन्हात माणसाचा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात आणि देवळाच्या भिंतीवरचे कोरीव काम सपाट होऊन जाते. तेच देऊळ डिसेंबरच्या सकाळी साडेसातला पाहा. तिरप्या किरणात प्रत्येक कंगोऱ्याला सावलीची किनार लागते. देऊळ तेच, दगड तेच. पण मे महिन्यात ज्याने ते पाहिले त्याने ते अर्धेच पाहिले. तेव्हा पुन्हा जाणे आलेच.

रामटेकचेच घ्या. पहिल्या खेपेला सगळ्यांसारखी माझीही नजर गडावरच्या शिखरांकडे गेली. दुसऱ्या खेपेला वाटेवरची नरसिंहाची देवळे दिसली. ती वाकाटकांच्या काळची, दीड हजार वर्षांपूर्वीची. बाहेरून ओबडधोबड, पण आत अंधारात बसलेला तो प्रचंड नरसिंह! तिथे तिपाई लावून शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढा वेळ श्वास रोखून उभे राहिले की मूर्ती हळूहळू अंधारातून पुढे येते, फिल्मवरही आणि आपल्या डोळ्यांतही. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर मी खाली अंबाळा तलावाकडे बघू लागलो. 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे आपल्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडले. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत, असोत. आषाढातल्या एखाद्या सकाळी गडाच्या कठड्याला टेकून उभे राहावे. ढग आपल्या पातळीला येतो, मग खाली उतरतो आणि क्षणभर तलाव पुसून टाकतो. हे दृश्य मला हवे तसे सातव्या आषाढात मिळाले. आधीचे सहा वाया गेले असे मात्र मला कधी वाटले नाही.

कॅमेऱ्याच्या या वेडाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ मध्ये. त्याच्याही दहा वर्षे आधी, १८४४ पासून, रॉबर्ट गिल नावाचा एक लष्करी अधिकारी अजिंठ्याला मुक्काम ठोकून होता. लेण्यांतल्या चित्रांच्या रंगीत नकला करण्याचे काम त्याला नेमून दिले होते. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. हा गडी पुन्हा त्याच लेण्यांकडे वळला. कॅमेराही त्याने हाती घेतला होता. त्या काळी काचेवर ओले रसायन पसरायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत तंबूत धुवायचे. एवढा संसार बैलगाडीत घालून तो वऱ्हाडातल्या देवळांपर्यंत आला. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची त्याने काढलेली चित्रे १८६० च्या दशकातली आहेत. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. दैत्यसूदनासमोर उभे राहून त्याच्या चित्राशी आजचे देऊळ ताडून पाहताना माझ्या लक्षात आले, की एकट्या चित्रापेक्षा जोडचित्र अधिक बोलते. एक चित्र सांगते, 'हे असे आहे.' त्याच जागेवरून काढलेले दुसरे सांगते, 'हे असे होते.'

लोणारच्या सरोवरानेच याचा आणखी एक पुरावा दिला. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. वर्तमानपत्रांतून फोटो झळकले, तर्कवितर्क झाले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीत कळले, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांची ती करामत होती. पाणी आटले, खारटपणा वाढला आणि त्यांचे फावले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर स्थळांच्या यादीतही गेले. पण गुलाबी रंगाचे नवल कोणाला? ज्याने आधी हिरवे पाणी पाहिले होते त्याला! माझ्याकडे काठावरच्या एकाच जागेवरून निरनिराळ्या वर्षी काढलेली त्या हिरव्या पाण्याची चित्रे होती. ती बाजूला ठेवली तेव्हाच गुलाबी चित्राला अर्थ आला.

पुनःपुन्हा जाण्याचा धडा अक्षरांतून गिरवायचा असेल तर मारुती चितमपल्ली वाचावेत. नवेगाव बांधच्या तळ्याकाठी ते वनाधिकारी म्हणून वर्षानुवर्षे राहिले. तेच तळे, तेच रान, तीच पाखरे. पण दर ऋतूत त्यांना नवे काही दिसत गेले, आणि त्यातून आपल्या भाषेला किती शब्द मिळाले! २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापूरला ते गेले. नवेगावच्या बांधावर पहाटे धुके उठण्याची वाट बघत बसलो की त्यांची आठवण येते.

आता थोडे आगगाडीविषयी. इतवारी ते नागभीड ही छोट्या रुळांची गाडी, आपली 'नॅरोगेज'. दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. १९०८ पासून ती उमरेड, भिवापूर करत शंभराहून थोडे अधिक किलोमीटर चालत असे. धावत असे म्हणणे धाडसाचे होईल. दूधवाले, शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया आणि हंगामात भिवापुरी मिरचीची पोती. मिरचीमुळे अख्खा डबा शिंकत असे. मी त्या गाडीने सहज म्हणून जायचो, कोणतेही 'स्थळ' पाहायचे नसायचे. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात नागभीडचीही. रुंद रुळांची गरज होतीच, त्याबद्दल वाद नाही. मोतीबागेत २००२ पासून छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे इंजिने आहेत, डबे आहेत, मुलांना जरूर दाखवावेत. पण त्या डब्यांत शिंकणारी माणसे नाहीत. ती माझ्या निगेटिव्हमध्ये आहेत. काढताना मला ती फार मोलाची चित्रे वाटली नव्हती. गाडी बंद झाली त्या दिवशी त्यांचे मोल बदलले.

आणि आता आंभोरा, ज्यासाठी हा सारा प्रपंच. कुही तालुक्यातले हे ठिकाण म्हणजे वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन लहान नद्यांचा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला अशी आपल्याकडची श्रद्धा. अंबाजोगाईही तोच मान सांगते. १९९० नंतरच्या काही वर्षांत मी दर हिवाळ्यात तिथे जात असे. नावाडी ओळखीचा झाला होता. एकदा न राहवून तो म्हणाला, "सायेब, मागच्या साली काढला न या जागेचा फोटो? मंग पुन्हा काहून काढून राहिले?" मी म्हणालो, "पाणी तेच आहे का?" तो हसला आणि वल्हे मारू लागला.

पाणी खरोखरच तेच राहणार नव्हते. खाली पवनीकडे गोसेखुर्दच्या धरणाची पायाभरणी १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली होती. पुढे टप्प्याटप्प्याने पाणी चढले, आणि भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावे उठली. आज आंभोऱ्याला पसरलेला जलाशय आहे. २०२४ च्या जानेवारीपासून तिथे दोन जिल्हे जोडणारा, तारांनी तोललेला मोठा पूल आहे आणि त्याच्या खांबांवर उंचावरून संगम बघण्यासाठी सज्जा. रविवारी गर्दी उसळते. पूल सुंदर आहे, मीही त्याचे फोटो काढले आहेत.

आंभोऱ्याच्या वाटेवर बुडिताच्या क्षेत्रातले एक लहान गाव होते. बस तिथे थांबे, म्हणून मीही थांबे. चहा होई आणि दोन-चार चित्रे. गाव उठल्यावर काही वर्षांनी मी त्याच्या नव्या गावठाणात गेलो. सरळ रस्ते, ओळीने घरे. जुन्या गावाचे काही फोटो मोठे करून सोबत नेले होते. एका म्हाताऱ्या काकाजींच्या हाती ते दिले. ऊन कसे पडले आहे, चौकट कशी साधली आहे, यातले काहीही त्यांनी पाहिले नाही. त्यांचे बोट फोटोवरून चालू लागले. "हा आमचा पार. हा मारोती. अन् याच्या मागं आमचं घर होतं. दिसत नाही फोटोत, पण होतं."

घरी आलो आणि त्या गावाच्या सगळ्या निगेटिव्ह काढून बसलो. पाच हिवाळ्यांच्या पाच पट्ट्या होत्या. चौथ्या वर्षी बस उशिरा आली होती, म्हणून मी पाराला वळसा घालून मागे गेलो होतो. त्या पट्टीत एका कोपऱ्यात कौलारू छप्पर सापडले, शेजारी शेवग्याचे झाड. पुढच्या खेपेला तो फोटो घेऊन गेलो. काकाजींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अवो, इकडं या. आपला शेवगा पहा." घरातली सगळी माणसे जमली. नातवंडांनी ते घर कधी पाहिलेच नव्हते. आजी त्यांना सांगू लागल्या, दार कोणत्या बाजूला होते, चूल कुठे होती. तो फोटो आता त्यांच्याकडे देवांच्या तसबिरींशेजारी आहे.

पहिल्याच हिवाळ्यात 'हे गाव झाले' म्हणून मी यादीवर खूण केली असती, तर माझ्याकडे पार असता, मारोती असता. तो शेवगा नसता. घरच्या तक्रारीला माझे उत्तर एवढेच आहे. नवी स्थळे पाहावीत, जग मोठे आहे. पण आपल्या गावाभोवतीच्या एखाद्या जागेशी तरी जन्माचा घरोबा असावा. तिच्याकडे दरवर्षी जावे, त्याच झाडाखाली उभे राहावे आणि एक चित्र घ्यावे.

त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही, खिशातला मोबाइल पुरतो. मात्र दोन गोष्टी कराव्यात. वर्षातून दहा-वीस चित्रे तरी कागदावर छापून घ्यावीत, कारण जुना मोबाइल बंद पडतो आणि त्यातले सगळे सोबत नेतो. आणि प्रत्येक चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने जागा, तारीख आणि माणसांची नावे लिहून ठेवावीत. शाई पुढच्या बाजूला उमटते, पेन्सिल उमटत नाही. हे काम घरातल्या शाळकरी मुलांवर सोपवावे. अक्षर सुधारते, आणि आजोबांच्या शेजारी उभा असलेला तो फेटेवाला कोण, हे त्यांना विचारावेच लागते. विचारायला आजोबा आहेत तोवर ही पाठ लिहून घ्यावी.