मोटारीचे चाक आणि स्वारीचे सुख

मोटार घेताना गिऱ्हाईक इंजिनाची ताकद विचारते, एका लिटरात गाडी किती धावेल याचा हिशेब मांडते, आसनांचे कापड चिमटीत धरून पाहते. परंतु ज्या चार चाकांवर हे सारे वैभव रस्त्याला टेकलेले असते, त्यांच्याविषयीची चौकशी बहुधा ‘मॅग व्हील आहेत ना?’ एवढ्यावरच आटोपते. विक्रेत्यालाही हे सोयीचे असते. कारण गाडीची किंमत जसजशी चढत जाते तसतशी रिमही एकेका इंचाने मोठी होत जाते, आणि अधिक दाम मोजणाऱ्याला अधिक सुख मिळायचेच हा व्यवहारातला रूढ संकेत असल्यामुळे, मोठ्या रिमेची गाडी गचकेही कमी देत असणार असे गिऱ्हाईक कोणी न सांगता गृहीत धरून चालते. पदार्थविज्ञानाचा निवाडा मात्र बहुतेक वेळा याच्या नेमका उलट पडतो.

आपल्या रस्त्यांवर जागोजागी दिसणारी मारुतीची स्विफ्ट उदाहरणादाखल घेऊ. हिच्या साध्या आवृत्तीला १६५/८० आर १४ या मापाचे टायर कित्येक वर्षे येत आहेत, आणि वरच्या, महागड्या आवृत्तीला १८५/६५ आर १५ या मापाचे. टायरच्या कुशीवर उठावाने उमटवलेल्या या ओळीतला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा आकडा, टायरची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते दाखवतो. ‘आर’ हे अक्षर बांधणी रेडियल असल्याची ग्वाही देते. आणि शेवटचा आकडा रिमेचा व्यास असून तो इंचांत असतो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिन्ही परिमाणे गुण्यागोविंदाने नांदावीत, हे दशमान पद्धतीच्या अभिमान्यांना रुचणारे नव्हे. पण आपल्या हिशेबाला त्याने काही अडत नाही. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, ही झाली भिंतीची उंची. ती वर आणि खाली अशी दोनदा धरली आणि तीत १४ इंचांचे ३५६ मिलिमीटर मिळवले, की चाकाचा एकूण व्यास ६२० मिलिमीटर भरतो. दुसऱ्या मापात भिंत १२० मिलिमीटर, रिम ३८१, आणि एकूण व्यास ६२२. म्हणजे बाहेरून मोजू गेल्यास दोन्ही चाके सारखीच. रिमेने जो एक इंच कमावला तो सर्वस्वी टायरच्या भिंतीच्या पदरचा. हौशी मालक याहून पुढे जाऊन १९५/५५ आर १६ बसवतात, तेव्हा भिंत १०७ मिलिमीटरांवर येते; आणि २०५/४५ आर १७ पर्यंत मजल गेली तर ९२ वर. चाक होते तेवढेच राहते, आणि रस्ता व रिम यांच्यामधली हवेची गादी चार सेंटिमीटरांनी पातळ होऊन बसते.

मोठ्या चाकाविषयीचा लोकांचा समज सर्वस्वी निराधार आहे असे मात्र नव्हे. चाक जितके मोठे, तितके ते खड्ड्यात कमी उतरते, हे साध्या भूमितीने सिद्ध होते. वीस सेंटिमीटर रुंदीचा खड्डा कल्पावा: टाटांच्या नॅनोचे बारा इंची रिमेवरचे लहानगे पुढचे चाक त्यात सुमारे २१ मिलिमीटर खाली जाईल, स्विफ्टचे १७, आणि दीड मीटर व्यासाचे जुन्या घडणीचे बैलगाडीचे चाक धरले तर ते जेमतेम ७ मिलिमीटर उतरेल. मग बैलगाडीतून जाणाऱ्याची हाडे खिळखिळी का होतात? कारण त्या चाकाला लोखंडी धाव असते, आणि धाव तसूभरही दबत नाही. वाटेतला प्रत्येक खडा, प्रत्येक उंचवटा ती जशाच्या तसा आसाच्या स्वाधीन करते. सुखाला दोन गोष्टी लागतात, बाहेरचा मोठा व्यास आणि परिघावरचा मऊपणा. रिमेचा आकार वाढवून पहिली गोष्ट मिळत नाही, दुसरी मात्र हातची जाते.

परिघावर हा मऊपणा हवेने आणला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश इंजिनियराने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट १८४५ साली घेतले होते, पण मोटार तर सोडाच, सायकलदेखील तेव्हा धड जन्मली नसल्यामुळे ते दप्तरी पडून राहिले. पुढे १८८८ मध्ये बेलफास्ट येथे गुरांचे वैद्यक करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून काढली आणि तिचे पेटंटही मिळवले. थॉमसनचा जुना दाखला पुढे आल्यावर ते पेटंट रद्द झाले, तरी डनलॉप हे नाव टायरांना चिकटले ते चिकटलेच. गाडीचा भार रबर पेलते ही सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः भार पेलते ती कोंडलेली हवा, रबर आणि त्यातले धागे तिला फक्त जागच्या जागी धरून ठेवतात.

रस्त्याचा धक्का प्रवाशाच्या पाठीपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याची दोन ठिकाणी अडवणूक होते. पहिल्यांदा टायरमध्ये, आणि नंतर चाक व सांगाडा यांच्यामधल्या स्प्रिंगेत, जिच्या जोडीला कारागीर ज्याला शॉकअप म्हणतात तो असतो. लहान मोटारीची स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला दोन-तीन किलोंचा भार पुरतो. टायर तेवढाच दाबायला सुमारे वीस किलो लागतात. यावरून टायरचा वाटा नगण्य आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो फसेल. कारण प्रश्न केवळ मऊपणाचा नसून वेळेचाही आहे. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असता रस्त्यातला पाच सेंटिमीटरांचा उंचवटा चाकाखालून तीन सहस्रांश सेकंदांत निघून जातो. एवढ्या अवधीत ब्रेक, आस आणि रिम यांच्यासह ते सगळे जड चाक वर उचलले जावे, स्प्रिंग दबावी आणि शॉकअपमधल्या तेलाने वाट काढावी, ही अपेक्षाच अवास्तव. टायरचे कातडे मात्र तेवढ्यापुरते आत जाऊन उंचवट्याला आपल्या पोटात सामावून घेते, आणि आसाला बरेचदा त्याची वार्ताही लागत नाही. भिंत बुटकी झाली की हे सामावणे खुंटते. गतिरोधकावरचा मोठा, संथ हेलकावा पूर्वीसारखाच राहतो, कारण तो स्प्रिंगेच्या कक्षेतला; परंतु रस्त्यावरची बारीक खरबड, डांबराची ठिगळे, पुलांवरचे लोखंडी सांधे, जे पूर्वी नुसते कानाला ऐकू येत, ते आता मणक्याला कळू लागतात.

मणक्याला का, याचेही उत्तर मोजता येते. स्प्रिंगांवर तोललेला मोटारीचा सांगाडा सेकंदाला एक-दीड वेळा हेलकावतो, आणि चालण्याच्या तालाशी जुळणारी ही गती माणसाला सहसा त्रास देत नाही. स्प्रिंगेच्या खालचे चाक मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरते. आणि बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेच्या ज्या कंपनांना सर्वांत अधिक कुरकुरते, ती सेकंदाला चार ते आठ या टप्प्यातली असतात. चाक जितके जड, तितकी त्याची थरथर संथ होऊन या नकोशा टप्प्याकडे सरकते, आणि उसळल्यावर त्याला आवरणे शॉकअपला तितकेच कठीण जाते. मॅग व्हील लोखंडी डिस्केपेक्षा हलके असते हे विधान समान मापाला बरेचदा खरे असते. पण चौदा इंची लोखंडी डिस्क काढून तिच्या जागी सतरा इंची मॅग बसवणाऱ्याला हा फायदा मिळतोच असे नाही, कारण धातू हलका असला तरी तो पुष्कळ अधिक लागतो, आणि शिवाय चाकाचे वजन मध्याकडून परिघाकडे सरकते.

मोठ्या रिमेचा पक्ष अगदीच लंगडा नाही, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. रिम मोठी असली की तिच्या पोटात ब्रेकची मोठी तबकडी मावते, आणि वेगवान, वजनदार मोटारीला ती हवीच असते. बुटकी भिंत वळणावर बाजूला कमी लवते, म्हणून सुकाणू फिरवताच गाडी तत्परतेने वळते. घाटात आवेशाने गाडी हाकणाऱ्याला यात जे सुख वाटते ते खोटे म्हणता येणार नाही. पण शर्यतीच्या मोटारींचा हवाला देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की फॉर्म्युला वनच्या मोटारी २०२१ पर्यंत अवघ्या १३ इंची रिमेवर आणि चांगल्या जाडजूड टायरांवर धावत होत्या. त्यांच्या ताठर स्प्रिंगांचे बरेचसे काम त्या टायरांच्या भिंतीच करीत. अठरा इंची रिम तिथे आली ती २०२२ मध्ये.

आपल्याकडच्या पावसाळ्यात बुटक्या भिंतीची परीक्षा आणखी एका रीतीने होते. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही; चाक त्यात पडते, आणि पलीकडच्या काठावर आदळताना टायरची भिंत खड्ड्याचा काठ व रिमेची कड यांच्यामध्ये अडकित्त्यात सापडल्यासारखी चेपली जाते. भिंत उंच असेल तर ती दुमडण्याआधी चाक वर चढते. ती बुटकी असेल तर आतले धागे तुटतात, रबर मात्र बाहेरून शाबूत दिसते. आणि मग एक-दोन दिवसांनी गाडी धुताना कुशीवर लिंबाएवढा फुगा आलेला आढळतो, जो बोटाने दाबला असता मऊ लागतो, कारण तिथे हवेला अडवायला रबराच्या पापुद्र्याखेरीज काही उरलेले नसते. असा टायर पंक्चरवाल्याच्या हाती दुरुस्त होत नाही; तो बदलावाच लागतो, आणि द्रुतगती मार्गावर जाण्याआधी बदलावा.

रुंदीविषयी थोडक्यात सांगतो. रुंद टायर रस्त्याला अधिक टेकतो ही समजूत फार तर अर्धी खरी आहे. एका चाकावर ३०० किलो भार आणि टायरमध्ये ३३ पौंडांची हवा असेल, तर टेकलेले क्षेत्र सुमारे १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या टपाल खात्याच्या एका पोस्टकार्डाएवढे असते. टायर रुंद केला तरी भार आणि हवा तीच असल्यामुळे हे पोस्टकार्ड फारसे वाढत नाही. ते फक्त उभ्याचे आडवे होते. याचा वळणावर लाभ होतो. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायर लवकर तरंगू लागतो. फ्रान्समधल्या खेडुतांसाठी सित्रोएन कंपनीने १९४८ मध्ये टू सीव्ही ही मोटार पुढे आणली, तेव्हा नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता नेता आली पाहिजे असा तिच्या रचनाकारांना हुकूम होता. आणि तिला त्यांनी जी चाके दिली ती व्यासाने मोठी परंतु टायर अवघे १२५ मिलिमीटर रुंद अशी होती. सुखाचे गणित त्यांनी बरोबर सोडवले होते, असे माझे मत आहे.

चाके न बदलताही सुख वाढवण्याचा एक मार्ग आहे, आणि तो जवळजवळ फुकट आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर, क्वचित पेट्रोलच्या झाकणाच्या आत, कोणत्या भाराला किती हवा याचा तक्ता चिकटवलेला असतो. पंपावरचा पोऱ्या सवयीने सरसकट ३५ किंवा ४० पौंड भरून देतो आणि मालक महिनाभर रस्त्याला दूषणे देत फिरतो. हवा थंड टायरात मोजावी; दहा-अकरा अंश तापमान वाढले की दाब दोनेक पौंडांनी चढतो. मऊपणाच्या लोभाने तक्त्याखाली जाणे मात्र धोक्याचे, कारण कमी हवेच्या टायरची भिंत दर फेऱ्याला अधिक वाकते, तापते, आणि समृद्धी महामार्गासारख्या लांबलचक काँक्रीटवर तासन्‌तास वेगाने गेल्यास फुटू शकते. नायट्रोजनसाठी निराळे पैसे मोजणाऱ्यांना इतकेच सांगतो, की साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

तेव्हा गाडी अजून घ्यायची असेल आणि पाठीचे सुख हाच निकष असेल, तर त्याच गाडीची लहान रिमेची आवृत्ती चालवून पाहावी, आणि ती खराब रस्त्यावर पाहावी. गाडी घेऊन झाली असेल तर मोठ्या रिमेवरून उतरणे शक्य असते, मात्र ब्रेकची तबकडी मोठी असल्यास लहान रिम तिच्यावर बसतच नाही, हे आधी तपासावे. बाहेरचा व्यास मूळच्या जवळच राखावा. तो तीन टक्क्यांनी घटला तर वेगमापक १०० दाखवील तेव्हा गाडी ९७ ने चाललेली असेल. मापाशेजारचा भारदर्शक अंक मूळच्याहून कमी नसावा: स्विफ्टच्या साध्या टायरवर तो ८५, म्हणजे ५१५ किलो असतो, आणि वर सांगितलेल्या दिमाखदार सतरा इंची टायरवर साधारणतः ८४, म्हणजे ५००. उत्पादकाने त्या गाडीसाठी जी मापे मंजूर केली आहेत त्यांच्याबाहेर जाऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेतील फेरफारांवर निर्बंध घातले आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा मुखत्यार सर्वांत आधी अशाच गोष्टींवर बोट ठेवतो. चारही चाके बदलली तर स्टेपनीचाही विचार करावा. ती जुन्या मापाची राहिल्यास तिचा व्यास नव्या चाकांशी जुळतो की नाही हे मोजून पाहावे, आणि जुळत नसेल तर ती लावून केवळ पंक्चरवाल्यापर्यंत, तेही सावकाश जावे.