घर बदललं, कागद कुठे गेले?

दिवाळीच्या आधी घराला रंग दिला, की पुढचे आठ दिवस काय हाल होतात ते मी तुम्हाला सांगायला नको. हळदीची बरणी सापडत नाही, सांडशी सापडत नाही, लाईटबिलांची पिशवी तर गायबच! जो तो एकच विचारतो, "अगं, ते कुठे ठेवलंस?" खरं तर वस्तू घराबाहेर गेलेली नसते. आवरताना तिची जागा बदललेली असते, एवढंच.

कॉम्प्युटरचंही अगदी असंच असतं, हे मला २०२५च्या नोव्हेंबरमध्ये चांगलंच कळलं. तुमच्यापैकी कुणावर तशी वेळ आली तर उपयोग व्हावा, म्हणून आज हे लिहितेय.

आमच्या शिरूर कासारला आणि आजूबाजूच्या खेड्यांत दिवाळी झाली की घरं रिकामी व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि पुढचे चार-पाच महिने मुक्काम कोपीत. तिथे कागद कुठे टिकणार? म्हणून आमच्या बचत गटानं एक काम अंगावर घेतलंय. जाणाऱ्या बायकांचं राशन कार्ड, आधार, पासबुक, पोरांचे शाळेचे दाखले स्कॅन करून माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. प्रत्येकीच्या नावाचा एक फोल्डर. तिकडे अडचण आली की बाई फोन करते आणि मी कागद व्हॉट्सॲपवर पाठवते.

आता झालं असं, की विंडोज १० साठी नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. ती बातमी वाचून मला धास्ती वाटली. दुसऱ्यांचे कागद आपल्याकडे आहेत, धोका कशाला पत्करा? माझं मशीन विंडोज ११ चालेल असं होतं. (सगळ्याच जुन्या मशीनवर ती चालत नाही बरं का. किमान चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, शिवाय प्रोसेसरही फार जुना चालत नाही.) ओळखीच्या एका मुलाला बोलावलं. त्यानं काम केलं, चहा घेतला, पैसे घेतले, गेला. पडदा कसा छान निळा, नवाकोरा दिसत होता! मी दोन दिवस मशीनला हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. कारखान्यावरून आमच्या गटातलीच एक जण बोलत होती.

"ताई, मालक ट्रॉलीवरून पडले वं. पायाचं हाड मोडलंय. दवाखान्यात राशन कार्ड मागायलेत, योजनेत बसवायला."

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिच्या घराला कुलूप, मूळ कार्ड आत, सासू लेकीकडे गेलेली. मी म्हटलं, "घाबरू नको, पाच मिनिटांत पाठवते." आणि मशीन सुरू केलं.

डेस्कटॉपवर कचऱ्याच्या डब्याशिवाय काहीच नव्हतं. 'डॉक्युमेंट्स' उघडलं, रिकामं. 'पिक्चर्स' रिकामं. माझ्या पोटात गोळाच आला. त्या मुलाला फोन लावला तर तो म्हणतो, "बॅकअप घेतला नव्हता का मॅडम? मग गेलं असेल."

गेलं असेल! इतक्या बायकांनी विश्वासानं दिलेले कागद, आणि ते गेलं असेल? मी तशीच खुर्चीवर बसून राहिले. मग आठवलं, एमएस-सीआयटीच्या वर्गात आमच्या सरांनी एक गोष्ट घोकून घेतली होती. फाईलला नाव असतं तसाच पत्ताही असतो. 'डॉक्युमेंट्स' ही नुसती दारावरची पाटी. खोली कुठली, ते पत्त्यावरून कळतं.

म्हटलं, चला, पत्ता शोधू. कीबोर्डवरची विंडोजची खूण आणि 'ई' एकदम दाबलं. 'धिस पीसी'वर गेले, तिथून सी ड्राइव्ह उघडला. तिथे कायम काही ठरलेले फोल्डर असतात. 'विंडोज' म्हणजे घराचा पाया आणि तुळया, त्याला हात लावायचा नाही. 'प्रोग्रॅम फाइल्स' म्हणजे स्वयंपाकाची भांडी, त्यात आपले कागद नसतात. 'यूजर्स' म्हणजे घरातल्या माणसांच्या खोल्या, प्रत्येकाच्या नावाची एक. तुमचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स सगळं तुमच्या नावाच्या खोलीत असतं. मी 'यूजर्स' उघडलं तर माझ्या नावाची खोली होती, पण कोरी. त्या मुलानं नवं खातं काढलं होतं.

आणि मग खाली एक अनोळखी नाव दिसलं. विंडोज डॉट ओल्ड. म्हणजे जुनी विंडोज!

ते उघडलं. आत पुन्हा 'यूजर्स', आणि त्यात माझ्या जुन्या नावाची खोली. क्लिक केल्यावर पाटी आली, की इथे जायची परवानगी नाही. क्षणभर वाटलं, संपलं. पण खालीच 'कंटिन्यू' लिहिलेलं होतं. ते दाबलं, थोडा वेळ गेला आणि एकेकीची नावं समोर यायला लागली. खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं. राशन कार्ड पाठवलं तेव्हा पाच मिनिटांची चाळीस मिनिटं झाली होती. तिकडून उत्तर आलं, "मिळालं ताई."

नंतर मी हे सगळं नीट समजून घेतलं. नवी विंडोज चढवताना एका पडद्यावर विचारतात, काय काय ठेवायचं? फाइल्स आणि प्रोग्रॅम दोन्ही, फक्त फाइल्स, की काहीच नाही? पहिले दोन पर्याय घेतले तर आपले कागद आपल्या खोलीतच राहतात. 'काहीच नाही' घेतलं तर जुनं सामान त्या विंडोज डॉट ओल्डमध्ये जातं. माझ्याकडे हेच झालं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते तिथे कायम राहत नाही. दहा दिवसांनी मशीन आपणहून ते पुसून टाकतं! माझा तो तिसरा दिवस होता. फोन आलाच नसता आणि मी महिनाभर तशीच बसले असते तर? विचारानंच अंगावर काटा येतो. आणि जर हार्डडिस्कच फॉरमॅट केलेली असेल, तर हा फोल्डरही सापडत नाही.

या खोल्यांचे पत्ते आजवर बरेचदा बदललेत. विंडोज ९८ मध्ये 'माय डॉक्युमेंट्स' सरळ सी ड्राइव्हवर असायचं. (आमच्याकडे माय म्हणजे आई. गटातल्या एक आजी मला विचारायच्या, "तुझ्या मशीनीत मायचेच कागद हायेत का गं?") एक्सपीमध्ये ते 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'च्या आत गेलं. २००७ साली व्हिस्टा आली आणि त्या जागी 'यूजर्स' आलं. लपलेले फोल्डर दिसायला लावले, तर ते जुनं नाव अजूनही दिसतं. त्यावर क्लिक केलं तर 'ॲक्सेस डिनाइड' येतं. घाबरू नका, काही बिघडलेलं नसतं. ती नुसती जुनी पाटी आहे, खोली दुसरीकडे गेली.

आणखी एक ठिकाण सांगते. नवी विंडोज आपल्याला वनड्राइव्ह नावाच्या इंटरनेटवरच्या कपाटात सामान ठेवायला सुचवते. आपण पटकन 'हो' म्हणतो. मग डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याच खोलीतल्या 'वनड्राइव्ह' फोल्डरमध्ये जातात. डॉक्युमेंट्स रिकामं दिसलं तर तिथेही डोकावा. मोफत जागा पाचच जीबी असते, हेही ध्यानात ठेवा.

कागद सापडले तरी माझं एक दुखणं राहिलंच होतं. गटाची २००८ सालची इतिवृत्तं उघडली तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा, काही अर्थच लागेना. फाईल खराब झाली नव्हती. त्या काळी आपण जे मराठी फॉन्ट वापरायचो, त्यांत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची, फॉन्ट त्यांना मराठी रूप द्यायचा. फॉन्ट गेला की रूप गेलं. नव्या विंडोजमध्ये निर्मला यूआय हा युनिकोड फॉन्ट असतो, पण तो जुनी अक्षरं वाचू शकत नाही. मी विंडोज डॉट ओल्डमधल्या 'विंडोज' फोल्डरात 'फॉन्ट्स' शोधलं, जुना फॉन्ट कॉपी केला, त्यावर उजवं बटण दाबून 'इन्स्टॉल' केलं. लगेच आमच्या अध्यक्षताईंचा ठराव वाचता आला! (तुमचा युनिकोड 'मंगल' दिसेनासा झाला असेल, तर तो सेटिंग्जमधल्या 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीचे जादा फॉन्ट म्हणून मिळतो.)

मैत्रिणींनो, नवी विंडोज टाकायची असेल तर आधी एवढं करा.

पेनड्राइव्हवर सगळ्या कागदांची एक प्रत काढा, आणि ती उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणून निर्धास्त राहू नका.

डॉक्युमेंट्सवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'लोकेशन' बघा. तिथे खोलीचा खरा पत्ता असतो. तो वहीत उतरवा.

काम करणाऱ्याला शेजारी बसून विचारा, "काय ठेवायचं, यात तू कुठला पर्याय घेतलास?" त्यात लाजायचं काय? गवंडी घरात भिंत पाडतो तेव्हा आपण विचारतोच ना!

काम झालं की त्याच दिवशी चार फाइल्स उघडून बघा. काही दिसलं नाही तर नवीन काही भरू नका, आणि दहा दिवसांच्या आत विंडोज डॉट ओल्ड शोधा.

आणि दुसऱ्यांचे कागद तुमच्याकडे असतील तर पासवर्ड लावा. ती ठेव आहे, आपली मालकी नाही.

मला वाईट वाटलं ते एकाच गोष्टीचं. "गेलं असेल" या एका वाक्यावर मी जवळजवळ विश्वास ठेवला होता. आपण बायका कागदांच्या बाबतीत नेहमी असंच करतो. घराचा उतारा कुठे, विम्याचा कागद कुठे, विचारलं तर म्हणतो, "यांना माहीत." मशीनचं विचारलं तर म्हणतो, "पोराला माहीत." आपल्या डब्यात काय आहे ते आपल्याला झाकण न उघडता कळतं, मग आपल्या कागदांचा पत्ता का ठाऊक नसावा?

आमच्या गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आता तो पत्ता लिहिलेला आहे, सी ड्राइव्हपासून फोल्डरच्या नावापर्यंत. पेनड्राइव्ह सचिवताईंच्या कपाटात आहे. आणि गटातल्या दोन पोरींना मी तो फोल्डर शोधायला शिकवलंय. पुढच्या वेळी फोन आला आणि मी घरी नसले, तरी कुणीतरी पाच मिनिटांत कागद पाठवू शकेल.