लाल पास कुणाकडे आहे?

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांतून थेट 500 चौरस फुटांत. फोटो सगळ्यांनी पाहिले. आठवणींना पूर आला आणि आठवड्याभरात ओसरलाही. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतही पुनर्विकासाचं तेच काम चालू आहे. या आठवणींचं करायचं काय, असं कुणी विचारलं की सरकारी उत्तर ठरलेलं: संग्रहालय करू.

संग्रहालयाचं काय होतं, ते काळाचौकीला कळतं. इंडिया युनायटेड मिल 2-3 च्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय वर्षानुवर्षं ‘होतंय’. पहिल्या टप्प्यात काय, तर तळं आणि संगीताच्या तालावरचं कारंजं. ज्या वस्तीने पहाटे नळावर रांगा लावल्या, तिच्या स्मारकात सगळ्यात आधी पाणी नाचवायचं, हे सुचणाऱ्याला दाद दिली पाहिजे.

खरं काम कारंज्याशिवाय झालं. वास्तुविशारद नीरा आडारकर आणि कार्यकर्त्या मीना मेनन यांनी गिरणी कामगार, खानावळवाल्या, शाहीर, युनियनवाले अशा शेकडाभर माणसांना बोलतं केलं आणि 2004 मध्ये गिरणगावचा, म्हणजे मुंबईतल्या गिरण्यांच्या वस्तीचा, मौखिक इतिहास पुस्तकरूपाने आला. राजनारायण चंदावरकरांची दीर्घ प्रस्तावना त्याला आहे, पण पुस्तक उभं आहे ते साच्यावर आणि चाळीत आयुष्य काढलेल्यांच्या बोलण्यावर. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप इथे आकडेवारी म्हणून येत नाही. उधारीवर वाणी किती दिवस तगला, गावाला कोण परतलं, घरातल्या बाईने कुठलं काम धरलं, अशा वाटेने येतो. त्या वेळी जे बोलले, त्यांतले कितीतरी आज नाहीत. हे काम दहा वर्षं लांबलं असतं, तर काय हाती लागलं असतं?

आता कागदांचं. गिरणगावाची दफ्तरं मंडळांच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत: गणेशोत्सवाच्या स्मरणिका, पावती पुस्तकं, गावकीच्या मंडळांची इतिवृत्तं. जुनी स्मरणिका उघडा. अध्यक्षांचं मनोगत सोडा, ते दरवर्षी सारखंच असतं. मागच्या जाहिराती वाचा. टेलर, सोनार, खानावळ, बँडवाला, नाटकाचे कपडे भाड्याने देणारा. अख्खा रस्ता तिथे छापलेला असतो. पण चाळ रिकामी करताना माणूस जपतो ती भाडेपावती, लाइट बिल आणि रेशनकार्ड, कारण नव्या घरासाठीची ‘पात्रता’ त्यांवर ठरते. स्मरणिकेने कुणी पात्र होत नाही. ती रद्दीत जाते, आणि तीही चाळ पाडताना नव्हे, संक्रमण शिबिरात सामान हलवतानाच.

यातली गंमत पुढेच आहे. गिरणगावाचे कागद गोळा करण्याची मोठी मोहीम कुठल्याही इतिहास मंडळाने काढली नाही, ती म्हाडाने काढली. 1 जानेवारी 1982 रोजी गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांना किंवा वारसांना घरं द्यायची, म्हणून 2023 पासून पुरावे मागवले गेले: तिकीट नंबर, ओळखपत्र, हजेरीपत्रक, पगाराची पावती, ईएसआयचा नंबर, लाल पास. लाखावर कुटुंबांनी ट्रंका उपसल्या. कागद तपासून झाले की त्यांचं काम संपतं. घरं शेलू-वांगणीला द्यायचं घाटत होतं, त्यावरून जुलै 2025 मध्ये आझाद मैदानात मोर्चाही झाला. कामगाराला मुंबईबाहेर पाठवायचं आणि त्याने मुंबईत राबल्याचा पुरावा मात्र वांद्र्याच्या कचेरीत ठेवून घ्यायचा, असा हा व्यवहार.

हे कागद खाजगी आहेत, सरसकट कुणाच्या हाती देता येणार नाहीत, हे मान्य. पण म्हाडाने अर्जात एक रकाना वाढवावा: ‘माझ्या कागदांची प्रत इतिहासासाठी ठेवण्यास संमती आहे.’ सही करणारे निघतील. दादरला 1898 साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्याच्या छत्राखाली इतिहास संशोधन मंडळही आहे. प्रती तिथे पोचवता येतील. मंडळांनीही स्मरणिकांचा एकेक संच तिथे द्यावा, येत्या गणपतीत पावत्या फाडण्याआधी. कारंज्याच्या खर्चापुढे हा खर्च चहापाण्याइतकाही नाही.