रंगावरून फसवणारी बोंडअळी

कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी दिसली की जळगाव-धुळ्याकडे पुढचं काही विचारायचं राहत नाही. पंप पाठीवर चढतो. पण रंग हा इथे सगळ्यात कच्चा पुरावा आहे. खरी गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघते तेव्हा पांढुरकी असते, डोकं फक्त तपकिरी. गुलाबी छटा चौथ्या अवस्थेत येते, तोवर तिने सरकी गाठलेली असते. उलट अमेरिकन बोंडअळी हिरवी, तपकिरी आणि कधी गुलाबटही निघते. गुलाबी बोंडअळीचं नाव रंगावरून ठेवणाऱ्याने शेतकऱ्यावर काही उपकार केलेले नाहीत.

यातूनच दुसरा समज निघतो: लहानपणी गुलाबी आणि मोठी झाली की हिरवी, अळी एकच. तसं नाही. या दोघी एका कुळातल्यासुद्धा नाहीत. अमेरिकन बोंडअळीचं कुळ नॉक्टुइडी. पूर्ण वाढलेली अळी साडेतीन-चार सेंटीमीटरची, बोंडाला मोठं गोल भोक पाडून अर्धं अंग बाहेर ठेवून खाणारी. गुलाबी बोंडअळी जेलेचिइडी कुळातली, जेमतेम सव्वा सेंटीमीटरची. तिने शिरताना पाडलेलं छिद्र बुजून जातं, म्हणून बोंड वरून धडधाकट दिसतं. डोमकळी आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या ही तिची खूण. घरातल्या धान्यात होणारा बारीक पतंग आणि बटाटा पोखरणारा पतंग तिच्या कुळातले. अमेरिकन बोंडअळीपेक्षा नात्याने तेच तिला जवळचे.

पतंग ओळखताना घोळ आणखी वाढतो. प्रकाश सापळ्यात सकाळी मेलेले सगळे करडे पतंग ‘बोंडअळीचे’ म्हणून मोजले जातात. गुलाबी बोंडअळीचा पतंग पंख पसरले तरी पंधरा ते वीस मिलिमीटरचा. अमेरिकन बोंडअळीचा जवळजवळ दुप्पट. ठिपक्यांच्या बोंडअळीचा पतंग तर पंखांवरच्या हिरव्या रंगानेच वेगळा पडतो. गुलाबी बोंडअळीचा पतंग भिंगाखाली पाहावा: पुढचे पंख करडे-तपकिरी, त्यांवर गडद डाग, मागच्या पंखांना लांब केसांची झालर आणि टोक निमुळतं, तोंडापुढचे दोन अवयव कोयत्यासारखे वर वळलेले. मिशीच्या बुडाशी फणीच्या दातांसारखे पाच-सहा ताठ केस असतात, आणि वर्गीकरणात या केसांना मोठं महत्त्व आहे. कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, ही फवारणीची पातळी मानली जाते. भलतेच पतंग मोजले तर हा आकडा निरुपयोगी.

‘ही अळी बीटीने आणली’ हे तर सरळ चूक. भारतात बीटी कपाशीला मान्यता मिळाली 2002 साली. या पतंगाचं शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी केलं ते 1840च्या दशकात, तेही आपल्या शेजारच्या भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. त्यांनी त्याला डेप्रेसारिया वंशात घातलं. पुढे वंश बदलत गेला आणि 1917 साली बुस्क यांनी पेक्टिनोफोरा हा वंश स्थापला. ‘गॉसिपिएला’ हे जातीचं नाव मात्र तेच राहिलं. अळी बाहेरून आली असंही म्हणतात. प्रवास उलटा आहे. सरकीबरोबर ती भारतातून इजिप्तला आणि तिथून मेक्सिकोला गेली.

‘बीटीला न मरणारी ही नवीनच जात आहे’ हेही खरं नाही. जात तीच. वारंवार तेच विष पचवून टिकलेल्यांची संतती वाढली, आणि हा फरक डोळ्यांना किंवा भिंगालाही दिसत नाही. 2017च्या हंगामात महाराष्ट्राने त्याचा फटका खाल्ला. ही अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते, त्यामुळे फरदड ठेवली की तिला खाणं आणि पिढ्या दोन्ही मिळतात. मे महिन्यात लागवड झाली तर हंगामाच्या सुरुवातीलाच.

अमेरिकेच्या ॲरिझोनासारख्या वाळवंटी कापूसपट्ट्यात लाल रंग खाऊ घातलेले वांझ पतंग विमानातून सोडत. अंगातल्या त्या रंगावरून सापळ्यातला पतंग पाळलेला की रानातला हे कळे. बीटी कपाशी, कामगंध आणि पऱ्हाटीची विल्हेवाट यांची जोड होती. 2018 साली तिथल्या कापसातून ही कीड संपल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे विमान नाही, पण डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणं हातात आहे. आणि पतंगाबद्दल शंका असेल तर तो डबीत घालून पाल, ममुराबाद किंवा धुळ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. औषध त्यानंतर घ्या.