द्रवाची घनता सांगणारं कंपन

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखानदारी रुजली ती १९३० च्या दशकात, माळशिरस तालुक्यातल्या माळीनगर आणि श्रीपूरला. कारखान्याबरोबर प्रयोगशाळा आली आणि प्रयोगशाळेत काचेचा हायड्रोमीटर. रसात तो किती बुडतो त्यावरून ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी, वाचायचा. २० ब्रिक्सच्या रसाची घनता सुमारे १.०८, या दशांशातल्या फरकावर साखरेच्या उताऱ्याचा हिशेब उभा राहतो. दुधाच्या धंद्यात लॅक्टोमीटरची डिग्री आली. सोलापूर शहरात मात्र मागांच्या सुताला खळ लावणारे, म्हणजे पांजणी करणारे हात खळीचा चिकटपणा बोटांनीच ओळखत होते. द्रव तीन, पण प्रश्न दोनच: तो किती जड आणि किती दाट?

या प्रश्नांना कंपनाने उत्तर द्यायला सुरुवात झाली १९६७ मध्ये. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये हान्स स्टाबिंगर आणि हान्स लेओपोल्ड यांच्या कल्पनेवर अँटोन पार कंपनीने घनतामापक बाजारात आणला. इंग्रजी यू अक्षरासारख्या वाकवलेल्या काचेच्या नळीत द्रव भरायचा, नळीला कंप द्यायचा आणि एका कंपनाला लागणारा वेळ मोजायचा. जलतरंगाच्या वाटीत पाणी वाढलं की सूर उतरतो, तसंच इथे आहे: आतलं वस्तुमान वाढलं की कंपन मंदावतं. त्या वेळेचा वर्ग घनतेबरोबर सरळ रेषेत वाढतो, त्यामुळे हवा आणि पाणी या दोन ओळखीच्या नमुन्यांवर यंत्र जुळवून घेता येतं. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत मायक्रो मोशन कंपनी स्थापन झाली आणि कंप पावणाऱ्या नळ्या थेट कारखान्यांच्या पाइपांत बसू लागल्या. प्रवाह आणि घनता, दोन्ही एकदम.

यानंतर सगळी ओढ लहान होण्याकडे होती. १९८६ मध्ये अणुबल सूक्ष्मदर्शक आला आणि पुढे सिलिकॉनची इवलीशी पट्टी हे मापनाचं साधन झालं. आयआयटी मुंबईत व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने पॉलिमरच्या अशा पट्ट्यांवर हृदयविकाराच्या निदानासाठी काम केलं, ते महाराष्ट्रातलं या घराण्यातलं मोठं काम. तिथे मात्र रेणू चिकटल्यावर पट्टी किती वाकते हे पाहायचं असतं. कंप पावणाऱ्या पट्टीची अडचण वेगळी होती. ती पाण्यात बुडवली की पाणी तिची ऊर्जा शोषून घेतं आणि कंपन विझतं.

एमआयटीतल्या स्कॉट मनालिस आणि थॉमस बर्ग यांनी ही मांडणीच उलटी केली. पट्टी द्रवात बुडवायची नाही, द्रव पट्टीच्या पोटातून न्यायचा आणि बाहेर निर्वात पोकळी ठेवायची. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात एकेका जिवाणूचं द्रवातलं वजन मोजलेलं होतं. अचूकता फेम्टोग्रॅमच्याही खालची. एक फेम्टोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या हजार अब्जाव्या भागाचा हजारावा भाग. गेल्या साठ वर्षांतली मला सर्वांत सुंदर वाटणारी युक्ती हीच.

दाटपणाचं कोडं मात्र तितक्या सहज सुटलं नाही. द्रव जितका चिकट तितकं कंपन लवकर विझेल, असं कुणालाही वाटेल. २००९ मध्ये बर्ग, मनालिस आणि मेलबर्नचे जॉन सेडर यांनी दाखवलं की द्रव आत असलेल्या पट्टीत तसं होत नाही. चिकटपणा वाढत जाताना ऊर्जेची गळती सारखी चढत नाही, मध्येच उतरते आणि पुन्हा चढते. म्हणजे एका गळतीला चिकटपणाची एकाहून अधिक उत्तरं निघू शकतात. कंपनातून घनता आणि चिकटपणा दोन्ही आयते मिळतात, असं सांगणाऱ्याने हा निबंध आधी वाचावा.

तरीही दोन्ही आकडे हवेतच, आणि ते दुधासाठी सर्वांत आधी हवेत. सायीचं दूध सुमारे १.०३० घनतेचं, साय काढलेलं १.०३५. साय काढलेल्या दुधात असं पाणी घातलं की मिश्रणाच्या सात भागांत एक भाग पाणी होईल, तर डिग्री पुन्हा जागेवर येते आणि लॅक्टोमीटर फसतो. फॅट तपासली तर चोरी सापडते. पण अशा मिश्रणाचा चिकटपणाही उतरलेला असतो, त्यामुळे घनतेच्या जोडीला तो कळला तर शंका तिथेच उभी राहील.

मनालिस यांची पट्टी जशीच्या तशी दुधाला लावता येणार नाही. तिची वाट जेमतेम तीन मायक्रॉन उंचीची आणि दुधातल्या स्निग्ध गोळ्या एक ते दहा मायक्रॉनच्या, ती तुंबेल. उसाच्या रसातले तंतू तर फारच मोठे. पण दुधाची एक डिग्री म्हणजे घनतेत ०.००१ चा फरक. त्यासाठी जिवाणू तोलणारी अचूकता लागत नाही, केसाहून रुंद नळीही पुरेल. तिच्याच चिपवर तापमापक मात्र हवा, कारण दुधाची घनता उष्णतेने उतरते आणि सोलापूरचा मे महिना चाळिशीच्या पार जातो.