घाव कुणाचा, कारण कोणते?

खैरलांजीचे नाव निघाले की नागपूरच्या आमच्या वस्त्यांत आजही माणसे क्षणभर गप्प होतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना जमावाने ठार मारले. भैय्यालाल भोतमांगे तेवढे वाचले. असे प्रकरण घडले की आम्हा वकिलांना लोक विचारतात, जमावातल्या नेमक्या कुणाच्या घावाने जीव गेला, हे कसे सिद्ध करणार?

बंधू-भगिनींनो, कायदा तेवढा आंधळा नाही. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव समान उद्देशाने चालून आला आणि त्या उद्देशापायी खून झाला, तर जमावातला प्रत्येकजण त्या खुनाचा गुन्हेगार. पूर्वीचे हे कलम १४९ आता भारतीय न्याय संहितेत १९० आहे. २००८ साली भंडारा सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला.

आपण हरलो ते दुसऱ्या प्रश्नावर. मारले कशासाठी? न्यायालये म्हणाली, सूडापोटी, जातीमुळे नव्हे. अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. पण सुरेखाबाई वरच्या जातीच्या असत्या, तर जमावाची हिंमत झाली असती काय?

तेव्हा 'जातीच्या कारणावरून' हे सिद्ध करावे लागे. चळवळीच्या रेट्याने कायदा सुधारला. २६ जानेवारी २०१६ पासून मृताची जात आरोपीला माहीत होती, एवढे पुरे. आरोपी कुटुंबाला ओळखत असेल, तर ती माहिती होती असेच न्यायालय गृहीत धरते. गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते?

मात्र सावध राहा! न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये जमावाने केलेल्या खुनासाठी 'जातीच्या कारणावरून' हीच जुनी अट पुन्हा आली आहे. म्हणून केवळ त्या कलमावर विसंबू नका. पहिल्याच फिर्यादीत मृताची जात आणि आरोपींची ओळख लिहून घ्या, अॅट्रॉसिटीचे कलम ३(२)(५) लावायला भाग पाडा.

भैय्यालाल २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात गेले. जातीचा गुन्हा सिद्ध झालेला त्यांना पाहता आला नाही. पुढच्या फिर्यादीला तरी तो दिसावा. जयभीम!