देवघरावरील लक्ष्मी

दिवाळीपूर्वीं सोलापुरांतील आमच्या जुन्या वाड्यास रंग देण्याचें निघालें, आणि घरांत एक लहानसा वाद उपस्थित झाला. देवघरावर राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीचें छापील चित्र आहे. तें आमच्या आजीनें लाविलेलें. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानें त्यास बरी किंमत देऊं केली. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, ही विलायती धाटणीची तसबीर, शास्त्रोक्त मूर्ति नव्हे. विकली तर काय बिघडलें ?" आपलें कोणतें आणि परकें कोणतें, हा जुनाच प्रश्न तसबिरीच्या निमित्तानें पुन्हां आमच्या दारीं आला.

रविवर्मा यांचा जन्म १८४८ सालीं त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार १८६८ सालीं तेथील दरबारीं आला असतां त्याचें काम त्यांनीं पाहिलें; पुढें तैलरंगांची विद्या बहुतांशीं स्वतःच्या परिश्रमानेंच साध्य केली. छायाप्रकाश, देहाचा गोलवा, दूरचें लहान व जवळचें मोठें दाखविण्याची रीत हीं त्यांनीं युरोपापासून घेतलीं. शकुंतला, दमयंती, गंगावतरण हे विषय मात्र आपल्या पुराणकाव्यांतले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांजकडून पौराणिक चित्रांची मालिकाच करून घेतली.

परंतु राजवाड्यांतील चित्र गरिबाच्या भिंतीवर कसें यावें ? छापील प्रती काढाव्या, असें सर टी. माधवराव यांनीं सुचविलें होतें. १८९४ सालीं मुंबईंत जर्मन यंत्रांवर रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. या छपाईंत चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट पदार्थानें आकृति काढीत; दगड ओला केला म्हणजे शाई तेलकट भागावरच बसे. प्रत्येक रंगास निराळा दगड लागे, आणि रंगावर रंग चढत चित्र पुरें होई. मुंबईंत प्लेग आल्यावर १८९९ सालीं छापखाना मळवलीस गेला. आपण सोलापूरकर ज्या लोहमार्गानें मुंबईस जातों, त्यावरच लोणावळ्याच्या अलीकडे हें स्टेशन लागतें. कर्जापायीं छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. १९०६ सालीं रविवर्मा निवर्तले. १९७२ सालीं छापखान्यासही आग लागली.

या दगडांनीं केलेलें काम मात्र आगीच्या हातीं लागण्याजोगें नव्हतें. ज्यांस देवळाची पायरी चढूं दिली जात नसे, त्यांच्याही घरीं लक्ष्मी आणि सरस्वती थोडक्या मोलांत आल्या. देवदर्शन ही कांहींची मिरास राहिली नाहीं. आपल्या घरांतून हें मोकळेपणानें कबूल केलें पाहिजे.

या चित्रांत नाटकी थाट फार, असा आक्षेप आनंद कुमारस्वामींसारख्या पंडितांनीं घेतला. तो आम्हांस सर्वस्वीं खोटा वाटत नाहीं. कित्येक देवता रंगभूमीवर उभ्या राहिल्यासारख्या दिसतात खऱ्या. पण बंधूंस आम्ही विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्र काढून दाखविलें. तेथें म्हटलें आहे, कीं आचार्य रेषेची प्रशंसा करितात, जाणते वर्तनेची, स्त्रिया भूषणांची आणि इतर जन रंगांच्या समृद्धीची. वर्तना म्हणजे छटेनें उठाव देणें. तेव्हां उठावाची आवड कांहीं जहाजांतून आलेली नाहीं. तिची एक नवी युक्ति तेवढी आली.

वाद मिटला तो मात्र शास्त्रानें नव्हे. सूनबाई तसबीर पुसतां पुसतां म्हणाली, "मामंजी, ही जर कोणीं लाविली ?" आम्ही चष्मा लावून पाहिलें. लक्ष्मीच्या लुगड्याच्या कांठावर जुनी जर बारीक टांक्यांनीं शिवलेली, मधून टिकल्या. छापील चित्रांस असें नटविण्याची तेव्हां चालच होती. विणकरांच्या या गांवीं जरीचा तुकडा मिळणें कठीण नव्हतें. पण आमच्या आजीस शाळा माहीत नव्हती, सुई तेवढी माहीत होती. केरळीय चित्रकार, जर्मन यंत्र आणि सोलापुरी जर यांची ती लक्ष्मी तिनें आपल्या हातानें आपली केली होती.

बंधु कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनींच नवी कांच आणिली, आणि भिंतीची ओल चित्रास लागूं नये म्हणून मागें लांकडी पट्ट्या ठोकिल्या. लक्ष्मीपूजनास तसबीर पुन्हां जागेवर होती.